राखणीला गेलेली पुणे डिव्हिजन

पहिल्या महायुद्धात मुंबई बंदरातून अनेक फौजा परदेशी गेल्या. त्यांतल्या एका फौजेचे नावच पुण्याचे होते: ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराची सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. तिला नेमून दिलेले काम ऐकायला साधे होते. इराणच्या आखाताच्या टोकाशी समुद्राला मिळणाऱ्या शत्त-अल-अरब या जलमार्गाची, आणि त्याच्या काठी उभ्या असलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याची राखण करायची. १९१४ च्या नोव्हेंबरात ती त्या मुखाशी उतरली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आजच्या इराकमधल्या कूत नावाच्या गावात, अख्खीच्या अख्खी शत्रूच्या स्वाधीन झाली. राखणीला गेलेली फौज राखायच्या वस्तूपासून इतकी दूर कशी गेली, याचे उत्तर बहुतेक वेळा सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेत शोधले जाते. ते चूक नाही; पण माझ्या मते या प्रकरणाची खरी किल्ली नदीचे पाणी, नावांची संख्या आणि रसद यांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब युद्धशास्त्र न शिकलेल्या माणसालाही सहज कळण्यासारखा आहे.

आधी डिव्हिजन म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या हिंदुस्थानी पलटणीत साधारण साडेसातशे ते आठशे माणसे असत. अशा चार पलटणींची एक ब्रिगेड, आणि तीन ब्रिगेडी मिळून एक डिव्हिजन होई. पण नुसत्या पायदळाच्या बेरजेने डिव्हिजन होत नाही. तिचा तोफखाना, पूल आणि रस्ते बांधणारे सॅपर्स, इस्पितळे, खेचरांचे तांडे, तारायंत्र, दारूगोळ्याचे साठे हे सगळे तिच्याबरोबर असते, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाच्या आधाराशिवाय काही काळ एकटीने लढू शकणारी लष्करातली सर्वांत लहान फौज असे तिचे वर्णन करता येते. ‘काही काळ’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. मागून येणारी रसद थांबली की तो काळ मोजता येतो, आणि कूतमध्ये तो शेवटी शिधा तोलून मोजला गेला.

लॉर्ड किचनेर हिंदुस्थानचे सरसेनापती असताना १९०३ पासून लष्कराची जी फेररचना झाली, तिच्यात ही डिव्हिजन उभी राहिली. तिच्या तीन ब्रिगेडींची नावे मराठी वाचकाला नकाशा न उघडता समजतील: सोळावी पुणे ब्रिगेड, सतरावी अहमदनगर ब्रिगेड आणि अठरावी बेळगाव ब्रिगेड. ही नावे छावण्यांची होती, माणसांची नव्हेत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक ब्रिगेडीत एक गोरी पलटण असे आणि उरलेल्या तीन हिंदुस्थानी असत, आणि त्या तिन्हींत पंजाबी, राजपूत असे नाना प्रांतांचे लोक होते. तरीही प्रत्येक ब्रिगेडीत एकेक मराठा पलटण होतीच. पुणे ब्रिगेडीत ११७ वी, अहमदनगर ब्रिगेडीत १०३ वी आणि बेळगाव ब्रिगेडीत ११० वी. या पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे असत, त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूच्या घरांतून ही भरती होई. डिव्हिजनबरोबरच्या सॅपर्सच्या कंपन्या खडकीहून आलेल्या होत्या.

आता जलमार्गाकडे वळू. टायग्रिस नदी आणि युफ्रेटिसचा जुना प्रवाह कुर्ना या गावापाशी एकत्र येतात आणि तिथून समुद्रापर्यंत सुमारे २०० किलोमीटर जो रुंद प्रवाह वाहतो त्याचे नाव शत्त-अल-अरब. त्याच्या उजव्या काठावर, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, बसरा आहे. मुंबईला हे बंदर परके नव्हते. तिथला खजूर आणि अरबी घोडे मुंबईच्या बाजारात येत, आणि आखातातल्या मोत्यांना आपल्याकडे आजही ‘बसरा मोती’ म्हणतात. डाव्या काठाला इराणच्या बाजूने कारुन नदी येऊन मिळते, आणि त्या संगमाच्या थोडे खाली अबादान आहे. १९०८ च्या मे महिन्यात इराणमधल्या मशिद-ए-सुलेमान इथे तेल लागले. तिथून सुमारे २२० किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकून ते अबादानच्या कारखान्यात आणले जाऊ लागले. ब्रिटिश आरमार याच सुमारास कोळशावरून तेलाकडे वळत होते, आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. त्यामुळे अबादान ही एका खाजगी कंपनीची मालमत्ता उरली नाही, आरमाराची कोठी झाली. त्या कोठीचे दार म्हणजे हा जलमार्ग, आणि त्या दाराची समोरची चौकट तुर्की साम्राज्याच्या हातात होती.

तुर्कस्तान युद्धात उतरायच्या आधीच या दाराची काळजी सुरू झाली. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेल्या मोठ्या जहाजी ताफ्यातून पुणे ब्रिगेड वाटेत वेगळी काढण्यात आली. आपण युरोपात निघालो आहोत अशी बहुतेकांची समजूत होती. बंद पाकिटातले हुकूम समुद्रावर फोडले गेले आणि जहाजे आखाताकडे वळली. २३ ऑक्टोबरला ती बहारीनला पोहोचली. तिथे माणसे, घोडे आणि खेचरे यांना त्या उकाड्यात जहाजांवरच आठवड्याहून अधिक काळ ताटकळत ठेवण्यात आले. ५ नोव्हेंबरला तुर्कस्तानशी युद्ध जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी नदीच्या मुखावरचे फाओ हे ठाणे तोफांचा मारा करून घेतले गेले. पाठोपाठ डिव्हिजनचे सेनापती आर्थर बॅरेट उरलेल्या फौजेतला पहिला भाग घेऊन आले, काठाकाठाने दोन लढाया झाल्या, आणि २२ नोव्हेंबरपर्यंत बसरा हाती आले. जाता जाता तुर्कांनी नदीत एक जर्मन जहाज आडवे बुडवून वाट बंद करायचा प्रयत्न केला होता. पण बुडता बुडता ते प्रवाहाबरोबर फिरले आणि बाजूने जायला जागा उरली. हे जहाज नेमके आडवे बसले असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता की काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

अबादान सुरक्षित, बसरा ताब्यात, मुख मोकळे. म्हणजे सोपवलेले काम अडीच आठवड्यांत झाले होते. पण पहाऱ्याला स्वतःचे एक तर्कशास्त्र असते. घराची राखण करायची तर अंगण मोकळे हवे, अंगणाची करायची तर कुंपणापर्यंत नजर हवी, आणि कुंपणाबाहेर झाडी असेल तर ती तोडावी लागते. बसऱ्याला वरून धोका नको म्हणून दोन नद्यांचा संगम हवा, या विचाराने ९ डिसेंबरला कुर्ना घेतले गेले. तिथेच बायबलमधली एदेनची बाग होती असे स्थानिक लोक सांगत. चिखल, डास आणि पूर यांनी वेढलेल्या त्या जागी तळ ठोकलेल्या गोऱ्या शिपायांनी त्यावर भरपूर विनोद केले.

१९१५ च्या फेब्रुवारीत तुर्कांनी चिथावलेल्या टोळ्यांनी तेलाची नळवाहिनी फोडली. एप्रिलमध्ये युफ्रेटिसच्या बाजूने आलेल्या तुर्की फौजेने बसऱ्याच्या नैर्ऋत्येला शैबा इथल्या तळावर हल्ला केला. १२ ते १४ एप्रिलची ही लढाई या मोहिमेतल्या अटीतटीच्या लढायांपैकी एक होय. बसरा आणि शैबा यांच्या मधला भाग पुराच्या पाण्याखाली होता, त्यामुळे दारूगोळा आणि कुमक बेलम नावाच्या अरुंद, सपाट बुडाच्या होड्यांतून, कुठे वल्हवत तर कुठे चिखलातून ढकलत न्यावी लागली. शेवटच्या दिवशी उघड्या माळावरून चाल करून तुर्कांचे खंदक घेतले गेले. तिथे इंग्रज डॉर्सेट पलटणीच्या बरोबरीने ११७ वी मराठा पलटण लढली. पराभवानंतर तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने स्वतःला गोळी घालून घेतली.

आता या दोन्ही घटनांवर एकच उपाय सुचवला गेला: आणखी पुढे जाणे. नळवाहिनीवरचा हल्ला अमाराच्या बाजूने आला, तेव्हा टायग्रिसवरचे अमारा घ्यावे. शैबावरचा हल्ला युफ्रेटिसवरून आला, तेव्हा नासिरिया घ्यावे. आणि टायग्रिसवरच्या कूतपासून नासिरियाकडे एक जुना पाट वाहतो, त्या वाटेने शत्रू खाली उतरू शकतो, तेव्हा कूतही घ्यावे. नकाशासमोर बसले असता यातले प्रत्येक पाऊल पटण्यासारखे आहे, आणि तीच खरी गोम होती. एकही पाऊल वेडेपणाचे नव्हते. फक्त प्रत्येक पावलागणिक समुद्र मागे पडत होता.

याच सुमारास, एप्रिल १९१५ मध्ये, सगळ्या मोहिमेची सूत्रे जनरल जॉन निक्सन यांच्याकडे आणि पुणे डिव्हिजनची मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्याकडे आली. ३१ मे रोजी टाउनशेंड यांनी कुर्नाच्या वरच्या बाजूला जो हल्ला केला तो लष्करी इतिहासात नौकाशर्यतीच्या नावाने ओळखला जातो. पुरामुळे तिथे सगळीकडे पाणीच पाणी होते आणि तुर्कांची ठाणी त्यातल्या उंचवट्यांवर बेटांसारखी उरली होती. दहा-दहा शिपाई बसवलेल्या शेकडो बेलम होड्या, काहींना पुढून लोखंडी पत्रे ठोकलेले, वेताच्या आणि बोरूच्या दाट बनातून पुढे सरकत गेल्या. सातारकडच्या डोंगरातून आलेल्या, नदी म्हटली की गुडघाभर पाण्याची कृष्णा-कोयना डोळ्यांसमोर येणाऱ्या माणसांना लांब काठीने होडी रेटायची कवायत त्याआधी काही आठवडे शिकवावी लागली होती. तुर्की फौज पळू लागली. टाउनशेंड एका लहानशा गनबोटीतून पाठलाग करत निघाले, आणि ३ जूनला जेमतेम मूठभर माणसांच्या जोरावर अमारा शहर शरण आले. मागची मुख्य फौज येईपर्यंत त्या मूठभरांनी बतावणी करून वेळ मारून नेली. विजय खराच होता. पण तो पुराच्या पाण्याने दिलेला होता, आणि पूर ओसरणार होता.

टायग्रिसला पाणी येते ते मुख्यतः उत्तरेकडच्या डोंगरांतला बर्फ वितळून. त्यामुळे एप्रिल ते जून हा तिचा पूर, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे सर्वांत कमी पाणी. आपल्याकडे श्रावणात नद्या फुगतात आणि चैत्रात आटतात, त्याच्या हे जवळजवळ उलटे. पाणी उतरले की नदी वळणावळणांत शिरते, वाळूचे दांडे वर येतात, आणि जेमतेम मीटरभर पाण्यात तरंगेल अशीच नाव वर जाऊ शकते. समुद्रावरची जहाजे बसऱ्यापर्यंत येत. तिथून पुढे चाकांच्या सपाट आगबोटी, त्यांना दोन्ही बाजूंनी बांधलेले पडाव, आणि महैला नावाची शिडाची गलबते. त्या मुलखात त्या वेळी बसऱ्यापासून वर जाणारा रेल्वेमार्ग नव्हता, खडीचा रस्ता नव्हता. बसऱ्यात मोठ्या जहाजांसाठी धक्काही नव्हता. जहाजे प्रवाहाच्या मध्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल हातांनी होड्यांत उतरवला जाई. ज्या जलमार्गाची राखण करायला फौज आली होती तोच तिचा एकुलता एक रस्ता झाला होता.

या रस्त्याचा हिशेब असा. समजा एका आगबोटीला तळापासून फौजेपर्यंत जाऊन परत यायला सहा दिवस लागतात, आणि फौजेला रोज एक बोटभर माल लागतो. मग सहा बोटी पुरतात. फौज दुप्पट पुढे गेली की तेवढ्याच मालासाठी बारा बोटी लागतात, कारण प्रत्येक बोट दुप्पट काळ वाटेत असते. पाणी उतरले आणि बोटी वाळूत रुतू लागल्या, रात्रीचा प्रवास बंद पडला, की बाराच्या अठरा होतात. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, पण गुणाकार खरा आहे. बसऱ्यापासून बगदाद नदीमार्गे सुमारे ८०० किलोमीटर. फौज पुढे गेली, माणसे वाढली, आणि नावा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. निक्सन यांनी जादा बोटी आणि रेल्वे मागितली. बोटींच्या बांधणीला आणि इतक्या दूर त्या आणण्याला महिनोन्‌महिने लागणार होते. रेल्वे खर्चाच्या कारणावरून हिंदुस्थान सरकारने नाकारली. सिमल्यातल्या दप्तरात ही मोहीम काटकसरीने चालवायची मोहीम म्हणून नोंदलेली होती.

२८ सप्टेंबर १९१५ ला कूत घेतले गेले, आणि इथे तर्कशास्त्र संपून दुसरेच काही सुरू झाले. बगदाद घेतल्याने अबादानची राखण अधिक चांगली होईल असे कोणी फारसे म्हणत नव्हते. पण तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीत ब्रिटिशांची फौज अडकून पडली होती, पूर्वेकडे अब्रू सांभाळायला एक मोठा विजय हवा होता, आणि बगदाद हे नाव सगळ्या जगाला ठाऊक होते. पुरेशा नावा आणि आणखी एक डिव्हिजन यांच्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे असे टाउनशेंड यांनी वरिष्ठांना कळवले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनहून परवानगी आली तेव्हा ते निघालेही. २२ नोव्हेंबरला बगदादपासून तीसेक किलोमीटरवर, टेसिफॉनच्या प्राचीन कमानीच्या परिसरात गाठ पडली. पुण्याच्या तीन ब्रिगेडींबरोबर तिथे तिसावी ब्रिगेडही होती. ही ब्रिगेड आधीच्या हिवाळ्यात सुएझ कालव्याच्या राखणीवर होती आणि तिथून इकडे पाठवली गेली होती. पहिल्या खंदकांची रांग घेतली गेली, पण साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि समोर तुर्कांची नवी कुमक येत होती. माघारीशिवाय गत्यंतर नव्हते.

जखमींचे जे झाले ते या कथेतले सर्वांत काळे पान आहे. रणांगणापासून नदीकाठच्या बोटींपर्यंतचे अंतर त्यांनी स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून, म्हणजे पिठाची पोती वाहायच्या लोखंडी-लाकडी गाड्यांतून, खाचखळग्यांवरून पार केले. बोटींवर पुरेसे डॉक्टर नव्हते, सावली नव्हती, शौचाची सोय नव्हती. मेजिदिया नावाची आगबोट काही दिवसांनी बसऱ्याला आली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर तिथल्या एका इस्पितळ-जहाजावर होते. बोटीच्या बाजूंनी दोर लोंबताहेत असे त्यांना दुरून वाटले. जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा होती. डेकवर माणसे दाटीवाटीने, उघड्यावर, आपापल्या घाणीत पडलेली होती आणि जखमांत अळ्या पडल्या होत्या. कार्टर यांनी हे लेखी कळवले तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. पुढे चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष झाली.

३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कूतला परतली आणि काही दिवसांत वेढा पूर्ण झाला. कूत हे टायग्रिसच्या एका नालाकृती वळणात वसलेले गाव. तीन बाजूंना नदी असल्याने ते बचावाला सोयीचे वाटते, पण त्याच कारणाने तिथून बाहेर पडणे अवघड होते. आत फौज होतीच, शिवाय काही हजार गावकरीही होते. सुटका करायला खालून आलेल्या फौजा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चिखलातून पुन्हा पुन्हा चालून आल्या आणि त्यात सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेल्यांच्या संख्येपेक्षा हा आकडा मोठा आहे. या सुटकेच्या फौजांनाही तोच रोग होता: बसऱ्याच्या नदीत नांगरलेल्या जहाजांवर माणसे आणि तोफा पडून, आणि त्यांना वर न्यायला नावा नाहीत.

आत शिधा घटत गेला. घोडे आणि खेचरे मारून खाल्ली जाऊ लागली तेव्हा अनेक हिंदुस्थानी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून, आणीबाणीत ते खाणे क्षम्य आहे, अशा अर्थाच्या तारा मागवण्यात आल्या. तरी बराच काळ अनेकजण बधले नाहीत, आणि याचा दोष त्यांच्या हट्टाला देऊन इंग्रज लेखक मोकळे झाले. शिपायाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. तार आली तरी ती गावच्या पंगतीत वाचून दाखवता येणार नव्हती. परत गेल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याचे भय भुकेपेक्षा लांबचे असले तरी खोटे नव्हते. हळूहळू बहुतेकांनी खाल्ले, पण तोवर शरीरे खंगली होती, हिरड्यांतून रक्त येत होते. एप्रिलमध्ये माणशी रोजचे पीठ दीडशे ग्रॅमच्याही आत आले. जव दळायला जाते नाही म्हणून जात्याच्या तळ्या विमानातून टाकल्या गेल्या, आणि पाठोपाठ पिठाची पोतीही. वेढ्यात अडकलेल्या फौजेला आकाशातून अन्न पोहोचवण्याचा हा जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन, दिवे मालवून, वेढा फोडायला निघाली. तुर्कांनी नदीत आडवी ताणून ठेवलेली पोलादी तार तिला अडली आणि ती काठाला लागून त्यांच्या हाती पडली. पैसे देऊन फौज सोडवायचाही प्रयत्न झाला. देऊ केलेली रक्कम वीस लाख पौंडांपर्यंत गेली आणि तुर्कांनी ती नाकारली.

२९ एप्रिलला शरणागती झाली. बंदी झालेल्यांची मोजदाद १३,३०९ अशी दिली जाते. त्यात सुमारे सात हजार हिंदुस्थानी शिपाई होते, आणि त्याखेरीज ३,२०० हून अधिक असे लोक होते ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नव्हती: भिस्ती, स्वयंपाकी, धोबी, भंगी, खेचरवाले, डोलीवाले. पलटणीच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचित येते, पण डिव्हिजन त्यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही. अधिकाऱ्यांना वेगळे काढले गेले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुण्यासारखे ठेवण्यात आले. बाकीच्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर बगदाद, समारा, मोसुल असे वाळवंटातून चालवत नेले, आणि जे पोहोचले त्यांतल्या अनेकांना रास-अल-ऐनच्या आसपास बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ सत्तर टक्के आणि हिंदुस्थान्यांपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश परत आले नाहीत.

या पराभवाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये आला. त्यात निक्सन, हिंदुस्थानचे सरसेनापती सर बोशॅम्प डफ आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज या सगळ्यांवर ठपका होता, आणि इस्पितळ व नौकाव्यवस्था यांवर सर्वांत कडक ताशेरे होते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले, आणि त्यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी केलेली जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. त्या घोषणेमागे इतर अनेक कारणे होती, पण ती करणारा मंत्री त्या खुर्चीवर बसला तो कूतच्या चिखलामुळे, हे पुस्तकात सहसा नसते.

बगदाद ११ मार्च १९१७ ला शेवटी पडलेच. या वेळी मोहिमेचे नवे सेनापती जनरल मॉड यांनी आधी महिनोन्‌महिने बसऱ्यात धक्के बांधून घेतले, नावांचा मोठा ताफा आणि रेल्वेचे फाटे तयार करवले, आणि मगच पाऊल उचलले. पुणे डिव्हिजन त्यात नव्हती. त्या युद्धात ती पुन्हा उभारली गेली नाही. तिचा क्रमांक १९४१ मध्ये नव्या सहाव्या हिंदुस्थानी डिव्हिजनला मिळाला, आणि ती डिव्हिजनही इराक आणि इराणमध्येच, तेल आणि दळणवळण यांच्या राखणीवर गेली. पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणींचे तसे झाले नाही. त्या नव्या भरतीने पुन्हा भरल्या गेल्या. ११७ व्या पलटणीला मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, आणि १०३ वी आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, अर्थात ‘जंगी पलटण’, म्हणून ओळखली जाते.

मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याजवळ शत्त-अल-अरबच्या काठीच उभारले गेले. ब्रिटिश शिपायांची नावे त्याच्या दगडी फलकांवर एकेक करून कोरली आहेत. हिंदुस्थानी पलटणींच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांच्याखाली शिपायांचा नुसता आकडा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या सरकारने ते स्मारक सुटे करून नासिरियाच्या रस्त्याला, नदीपासून दूर, वाळवंटात नेऊन पुन्हा जोडले. आकडे तसेच राहिले.